शब्द ओळखा: अंदाज तपासायचे नियम संगणकाला कसे शिकवायचे

उत्तर आहे ‘शनिवार’. खेळणाऱ्याने लिहिलं ‘रविवार’. आता चार घरांना कोणकोणते रंग द्यायचे?

या एका प्रश्नाचं उत्तर कागदावर नीट लिहिता आलं, तर शब्द ओळखायच्या खेळाचा सगळ्यात अवघड भाग झाला म्हणून समजा. शनिवार खूट आणि रविवार पेठ ही दोन्ही नावं बेळगावकरांच्या तोंडात रोजची आहेत, पण ही जोडी निवडायचं कारण वेगळं आहे. घाईत लिहिलेला प्रोग्राम हमखास याच जोडीवर घसरतो.

खेळ तुम्हाला ठाऊक असेलच. जॉश वॉर्डल यांचा ‘वर्डल’ ऑक्टोबर २०२१ मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतला. इंग्रजीतला पाच अक्षरांचा एक शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा. अक्षर बरोबर जागी असेल तर हिरवा रंग, शब्दात आहे पण जागा चुकली असेल तर पिवळा, नसेलच तर करडा. आपण हाच खेळ मराठीत करणार आहोत, चार अक्षरांच्या शब्दांचा.

हा लेख खासकरून बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या त्या मुलामुलींसाठी आहे, ज्यांची दहावी मराठी माध्यमात झाली आणि पीयूसीला (कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला) किंवा डिप्लोमाला गेल्यावर सगळं एकदम इंग्रजीत आलं. प्रोग्रामिंग अवघड वाटतं त्यात या बदलाचा वाटा मोठा असतो. नियम आधी मराठीत पूर्ण लिहा, उदाहरणं घेऊन हाताने सोडवा आणि मगच की-बोर्डला हात लावा. विचार मराठीत झाला म्हणून प्रोग्राम कुठे कमी पडत नाही. पायथॉन ३ या प्रोग्रामिंगच्या भाषेत तर चलांची (व्हेरिएबलची) नावंही देवनागरीत ठेवता येतात. ‘उत्तर’, ‘अंदाज’, ‘रंग’ ही नावं ते बिनतक्रार घेतं. खाली दिलेले नियम त्यामुळेच साध्या मराठीत आहेत. पायथॉन, जावास्क्रिप्ट, सी, जे येत असेल त्यात उतरवा.

आधी अक्षरं पाडा

इंग्रजीत खेळ करणाऱ्याला ही पायरी लागत नाही, आपल्याला ती टाळता येत नाही. करदंट, बेळगाव, खानापूर, संकेश्वर हे चारही शब्द आपल्या दृष्टीने चार अक्षरी. पायथॉनला लांबी विचारा: करदंट ५, बेळगाव ६, खानापूर ७, संकेश्वर ८. सी शिकत असाल आणि लांबी मोजायला स्ट्रलेन वापरलंत तर आकडे आणखी फुगतात, कारण यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते. ‘शनिवार’ तिथे १८ भरतो.

संगणक आपलं अक्षर साठवतच नाही. तो खुणा साठवतो. ‘नि’ म्हणजे त्याच्यासाठी दोन खुणा, आधी न आणि मग वेलांटी. डोळ्यांना पहिली वेलांटी आधी दिसते, पण साठवताना न पुढे असतो. आता ‘शनिवार’ आणि ‘रविवार’ खूण-खूण करून ताडून पाहा. तिसऱ्या जागी दोन्हीकडे नुसती वेलांटी येते आणि प्रोग्राम एकट्या वेलांटीला हिरवा रंग देऊन मोकळा होतो. खेळणाऱ्याला याचा काय बोध व्हावा?

म्हणून अक्षरं पाडायचा नियम आपणच सांगायचा. यूनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या प्रमाण यादीत प्रत्येक खुणेला क्रमांक असतो. पायथॉनमध्ये ऑर्ड हे फंक्शन तो क्रमांक सांगतं. आपल्याला एवढेच क्रमांक पुरतात:

क ते ह ही व्यंजनं (ळ आणि ऱ धरून): २३२५ ते २३६१
काना, मात्रा, वेलांटी, उकार वगैरे: २३६६ ते २३८०
चंद्रबिंदू, अनुस्वार, विसर्ग: २३०५, २३०६, २३०७
नुक्ता, म्हणजे अक्षराखालचं टिंब: २३६४
पाय मोडायची खूण, म्हणजे हलंत: २३८१

व्यंजनं सोडून वरच्या सगळ्या खुणा ‘चिकटणाऱ्या’ धरा. त्या एकट्या उभ्या राहत नाहीत, आधीच्या अक्षराला चिकटतात. नियम असा:

अक्षरांची यादी रिकामी ठेवा.
शब्दातली एकेक खूण क्रमाने घ्या:
— खूण चिकटणारी असेल, तर यादीतल्या शेवटच्या अक्षराला जोडा.
— तशी नसेल, पण शेवटचं अक्षर हलंतावर संपत असेल आणि ही खूण व्यंजन असेल, तर तीही त्याच अक्षराला जोडा.
— दोन्ही नसेल, तर इथून नवं अक्षर सुरू करा.

संकेश्वर हाताने चालवून पाहू. स आला, नवं अक्षर. अनुस्वार चिकटला, ‘सं’ झालं. क नवं, मात्रा चिकटली, ‘के’. श नवं. हलंत चिकटला, आता शेवटचं अक्षर ‘श्’ आहे. पुढे व आला. व्यंजन आहे आणि मागे हलंत आहे, म्हणून जोडला, ‘श्व’. शेवटी र, नवं अक्षर. सं, के, श्व, र. आठ खुणांची चार अक्षरं झाली. मधल्या नियमाशिवाय ‘श्’ आणि ‘व’ वेगळे पडले असते आणि संकेश्वर पाच अक्षरी ठरलं असतं.

यासाठी तयार साधनंही मिळतात, पण नवशिक्याने आधी स्वतः लिहावं असं माझं ठाम मत आहे. जोडाक्षर एकसंध धरायचा नियम यूनिकोडच्या अक्षर तोडण्याच्या नियमांत २०२३ च्या १५.१ आवृत्तीपासून आला. त्याआधीच्या नियमांवर चालणारं साधन हलंतानंतर तुकडा पाडतं. तुमच्या लॅपटॉपवर एक उत्तर आणि मैत्रिणीच्या जुन्या फोनवर दुसरं, असं होऊ शकतं. आपला नियम दहा-बारा ओळींचा आहे आणि सगळीकडे सारखा चालतो.

दिसायला एक, आत दोन

अक्षरं पाडण्याआधी शब्द धुऊन घ्यावा लागतो. गुऱ्हाळ हा शब्द घ्या; ऊसपट्ट्यात राहणाऱ्याला तो यादीत हवाच. यातला ‘ऱ्हा’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका तऱ्हेत ऱ (क्रमांक २३५३), मग हलंत, मग ह. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलंत, मग एक अदृश्य जोडखूण (क्रमांक ८२०५) आणि ह. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. पहिला सात खुणांचा, दुसरा आठ खुणांचा. यादीत एक असेल आणि खेळणाऱ्याने दुसरा टाइप केला, तर अगदी बरोबर उत्तराला प्रोग्राम ‘असा शब्द नाही’ म्हणेल. कुठल्या की-बोर्डवरून काय येईल ते आपल्या हातात नसतं, म्हणून दोन्ही शब्द एकाच रूपात आणायचे:

१. सुरुवातीची आणि शेवटची मोकळी जागा काढा.
२. यूनिकोडचं प्रमाण रूप करून घ्या. पायथॉनमध्ये यूनिकोडडेटा मॉड्यूलमध्ये नॉर्मलाइज आहे, त्यातलं एनएफसी रूप घ्या.
३. र, हलंत, ८२०५ असा क्रम दिसला, की त्या जागी ऱ आणि हलंत ठेवा.
४. अ (२३०९) आणि त्यावर वेगळा चंद्र (२३७३) असेल, तर त्याचा एकच ॲ (२४१८) करा.
५. उरलेल्या ८२०४ आणि ८२०५ या अदृश्य खुणा काढून टाका.

तिसरी आणि पाचवी पायरी उलटसुलट करू नका. आधी अदृश्य खुणा काढल्या, तर ‘ऱ्हा’चा ‘र्‍हा’ न राहता रफार होऊन बसेल आणि मग तो परत ओळखता येणार नाही. दुसऱ्या पायरीने हे सगळं आपोआप होईल असंही धरून चालू नका. एनएफसी तिसऱ्या आणि चौथ्या पायरीतली रूपं जुळवत नाही.

शब्दांच्या यादीची फाइलही याच गाळणीतून काढा आणि यूटीएफ-८ मध्ये जतन करा. विंडोजवर पायथॉनमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असल्याचं स्पष्ट सांगा, नाहीतर पहिल्याच ओळीला गडबड होऊ शकते. आणि लग्नपत्रिका छापणाऱ्या ओळखीच्या दुकानातून मराठी शब्दांची तयार फाइल मिळतेय म्हणून खूश होऊ नका. ती जुन्या, यूनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप केलेली असेल, तर तुमच्या प्रोग्रामला तिथे देवनागरी दिसणारच नाही. आधी ती रूपांतरित करावी लागेल.

दाराशीच थांबवायचं कोणाला

रंग देण्यापूर्वी अंदाज खेळात घ्यायचा की नाही ते ठरवा. तीन गोष्टी पाहा: अक्षरं चारच आहेत का, शब्द मान्य यादीत आहे का, हाच शब्द याच डावात आधी येऊन गेलाय का. यातल्या कशावरही अडला तर कारण सांगा आणि प्रयत्न मोजू नका. कारण मात्र नेमकं सांगा. ‘चुकीचा शब्द’ असं म्हणण्यापेक्षा ‘चार अक्षरं हवीत, निपाणी तीन अक्षरांचा आहे’ असं सांगितलं, तर खेळणारा लगेच सुधारतो.

मान्य शब्दांची यादी मोठी ठेवा, उत्तरांची लहान. वर्डलमध्येही असंच आहे. सुमारे १२,००० पाचअक्षरी इंग्रजी शब्दांतून वॉर्डल यांच्या जोडीदार पलक शाह यांनी ओळखीचे सुमारे २,५०० शब्द निवडले आणि उत्तरं त्यांतून आली. आपल्या उत्तरांत मूळ रूपंच ठेवा, ‘बाजारात’, ‘घरापुढे’ असली विभक्तीची आणि शब्दयोगी रूपं नकोत, नाहीतर उत्तराला अंतच राहत नाही. सुरुवातीला गावांच्या नावांवर खेळ बसवायला सोपं पडतं: उचगाव, वडगाव, अनगोळ, शहापूर, हिंडलगा, नंदगड, रायबाग, सगळी चार अक्षरी.

ऱ्हस्व-दीर्घाचं काय करायचं, हे तुमचं तुम्ही ठरवा. आपल्याकडे खानापुर आणि खानापूर दोन्ही पाट्यांवर दिसतात. माझं मत असं, की यादीत प्रमाण रूप ठेवावं. दुसरं रूप कोणी टाइप केलं, तर दाराशीच ‘खानापूर म्हणायचंय का?’ असं विचारावं. रंग देताना मात्र पु आणि पू एकच धरू नयेत. एकदा तिथे सवलत दिली, की कुठे थांबायचं ते कळत नाही.

दोन फेऱ्यांचा नियम

आता गाभा. पहिल्यांदा सुचतो तो नियम असा: अक्षर त्याच जागी असेल तर हिरवा, नसेल पण उत्तरात कुठेही असेल तर पिवळा, नाहीतर करडा. वाचायला बरोबर वाटतो. शनिवार-रविवारवर चालवा.

अंदाजाचं पहिलं अक्षर र. उत्तरात पहिला श आहे, पण र उत्तरात आहे, म्हणून पिवळा. वि नाही, करडा. वा जागच्या जागी, हिरवा. शेवटचा र जागच्या जागी, हिरवा. निकाल: पिवळा, करडा, हिरवा, हिरवा. खेळणारा यावरून काय समजेल? शेवटी एक र आहेच आणि आणखी एक र दुसऱ्या घरात आहे, कारण पहिल्यात तो नाही आणि तिसऱ्यात वा आहे. पण शनिवारमध्ये र एकच आहे! प्रोग्रामने चक्क खोटं सांगितलं, आणि खेळणारा पुढचे दोन-तीन प्रयत्न नसलेला र शोधण्यात घालवणार.

चूक अशी, की उत्तरातला एकच र दोनदा मोजला गेला. उत्तरातलं प्रत्येक घर एकदाच खर्ची पडलं पाहिजे, आणि हिरव्याचा हक्क पिवळ्याच्या आधी. म्हणून दोन फेऱ्या:

पहिली फेरी. सगळ्या जागा करड्या धरा. प्रत्येक जागी अंदाजाचं आणि उत्तराचं अक्षर ताडून पाहा. सारखं असेल तर रंग हिरवा करा आणि उत्तरातल्या त्या घरावर काट मारा.

दुसरी फेरी. हिरव्या न झालेल्या जागा डावीकडून घ्या. ते अक्षर उत्तरातल्या काट न मारलेल्या घरांत शोधा. सापडलं तर रंग पिवळा करा, त्या घरावर काट मारा आणि शोध तिथेच थांबवा. नाही सापडलं तर करडा तसाच राहू द्या.

काट म्हणजे प्रोग्राममध्ये चार ‘नाही’ची एक यादी, घर वापरलं की तिथे ‘हो’. पायथॉनमध्ये जागा शून्यापासून मोजतात, तेव्हा चौथं घर म्हणजे क्रमांक ३. दोन्ही फेऱ्या एकत्र करून एकाच फेरीत उरकायचा मोह होतो. तसं केलं, की डावीकडचा पिवळा उजवीकडच्या हिरव्याचं घर आधीच खाऊन टाकतो. शनिवार-रविवारमध्ये नेमकं तेच होतं. फेऱ्या वेगळ्याच ठेवा.

‘शोध तिथेच थांबवा’ हे तीन शब्द विसरले जातात. पायथॉनमध्ये त्यासाठी ब्रेक लागतो. तो राहिला, तर एकच र उत्तरातले दोन र खाऊन जातो. ही चूक शनिवारवर दिसत नाही, त्यासाठी वेगळी जोडी लागते. म्हणून प्रोग्राम चालू झाला की नुसता खेळून बघू नका. खालच्या जोड्या आधी हाताने सोडवा, मग प्रोग्रामकडून सोडवून घ्या आणि ताडून पाहा.

उत्तर शनिवार, अंदाज रविवार: करडा, करडा, हिरवा, हिरवा.

उत्तर कारवार, अंदाज रविवार: पिवळा, करडा, हिरवा, हिरवा. इथे पहिला र पिवळा होणं बरोबरच आहे, कारण कारवारमध्ये दुसऱ्या घरात एक र शिल्लक आहे.

उत्तर रविवार, अंदाज कारवार: करडा, पिवळा, हिरवा, हिरवा.

उत्तर बारदान, अंदाज रविवार: पिवळा, करडा, करडा, करडा. र एकच, तोही दोन्हीपैकी कुठल्याच जागी नाही. तेव्हा डावीकडच्याला पिवळा, उजवीकडच्याला करडा.

उत्तर कारवार, अंदाज रखरख: पिवळा, करडा, पिवळा, करडा. थांबायचं राहिलं असेल तर तिसरी जागा करडी येईल आणि चूक पकडली जाईल.

उत्तर खानापूर, अंदाज बेळगाव: चारही करडे.

उत्तर संकेश्वर, अंदाज संकेश्वर: चारही हिरवे. हे न जमलं, तर चूक रंगांत नाही, अक्षरं पाडण्यात आहे.

या जोड्या प्रोग्रामशेजारीच एका वेगळ्या फाइलीत ठेवा आणि नियमात काहीही बदल केला की सगळ्या परत चालवा. रंग नुसते रंगावर सोडू नका. हिरवा आणि पिवळा ज्यांना वेगळे ओळखता येत नाहीत अशी माणसं असतात, त्यांच्यासाठी घरात छोटीशी खूणही द्या.

मराठीला चौथा रंग हवा का?

माझ्या मते हवा. इंग्रजीत एका घरात २६ शक्यता असतात. आपल्याकडे ३४ व्यंजनं आणि १२ ची बाराखडी धरली, तरी ४०८ होतात, वर जोडाक्षरं आणि सुटे स्वर. ‘पा’ करडा आला म्हणजे पि, पी, पु, पू यांबद्दल काहीच कळलं नाही. सहा प्रयत्नांत हे जमणं कठीण. एक तर प्रयत्न आठ करा, किंवा ‘व्यंजन बरोबर, काना-मात्रा वेगळी’ असं सांगणारा नारंगी रंग द्या. मला दुसरा उपाय जास्त आवडतो, कारण त्यात बाराखडीच खेळाचा भाग होते.

नियम सोपा आहे. तिसरी फेरी घ्या. अजून करड्या असलेल्या प्रत्येक जागी, उत्तराच्या त्याच घरावर काट नसेल, तर दोन्ही अक्षरांतून स्वरचिन्हं, अनुस्वार, चंद्रबिंदू आणि विसर्ग काढून पाहा. उरलेलं सारखं असेल तर नारंगी. हलंत काढू नका, नाहीतर जोडाक्षर मोडेल. उत्तर नंदगड आणि अंदाज अनगोळ असेल, तर तिसऱ्या घरात ग आणि गो समोरासमोर येतात. निकाल करडा, करडा, नारंगी, करडा. अनगोळमधला न आणि नंदगडमधला नं यांचं व्यंजन एकच, पण घरं वेगळी, म्हणून तिथे काही द्यायचं नाही. वेगळ्या घरासाठीही अशी खूण द्यायला गेलात तर पाचवा रंग लागेल आणि खेळणारा गोंधळेल.

तोच प्रोग्राम कन्नडसाठी

वर्गात शेजारच्या बाकावर कन्नड माध्यमातून आलेला मित्र असेल, तर त्याच्यासाठी प्रोग्राम नव्याने लिहावा लागत नाही. यूनिकोडमध्ये भारतीय लिप्यांची मांडणी एकसारखी ठेवलेली आहे. देवनागरी क चा क्रमांक २३२५, कन्नड क चा ३२२१, फरक ८९६. हलंत २३८१, कन्नडचा ३२७७. फरक पुन्हा ८९६. अक्षरं पाडायच्या नियमातले वरचे सगळे क्रमांक ८९६ ने वाढवा. चिकटणाऱ्या खुणांत ३२८५ आणि ३२८६ या दोन दीर्घत्वाच्या खुणांची भर घाला. धुण्याच्या पायऱ्यांतल्या ऱ आणि ॲ च्या दोन ओळी गाळा, एनएफसी मात्र ठेवा. दोन फेऱ्यांचा नियम, काट मारणं, रंग, यातलं एक अक्षरही बदलावं लागत नाही. शब्दांची यादी आणि तपासायच्या जोड्या मित्राकडून लिहून घ्या, आणि एकच अक्षर दोनदा येणारे शब्द तिच्यात असतील एवढं पाहा.